गाबोळीची शेवंड जाळ्यात आली तर कायदा काय म्हणतो?

प्रश्न वेंगुर्ल्याकडच्या एका तरुणाचा आहे. त्याचे वडील आणि काका खडपालगत, म्हणजे समुद्रातल्या खडकाळ जागेजवळ, तळाला जाळी लावून शेवंड (लॉबस्टर) धरतात. अधूनमधून पोटाखाली नारिंगी अंड्यांचा, म्हणजे गाबोळीचा, घोस असलेली मादी येते. गावात एक जण सांगतो, "ही विकलीस तर दंड बसेल." व्यापारी सांगतो, "वजन भरलं की झालं, अंडी कोण बघतंय?" यातलं खरं कोणतं? आणि बाकी कोणी सोडत नसताना आपण एकट्यानं सोडून काय उपयोग?

मी बावीस वर्षं कोकणातल्या बंदरांवर मत्स्य विस्ताराचं काम केलं आहे. त्यातली निम्मी वर्षं तरी शेवंड, चिंबोरी आणि तिसऱ्या यांच्यामागे गेली. त्या अनुभवावरून सांगतो.

तुमच्या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न अडकले आहेत. आजचा कायदा कशाला हात लावतो हा पहिला. विणीच्या मादीला खरोखर वाचवायचं तर कायदा कसा हवा हा दुसरा. तुमचा गावकरी आणि व्यापारी यांच्यात वाद होतो तो यामुळेच. एक जण कायदा कसा असायला हवा ते सांगतो आहे, दुसरा धक्क्यावर काय तपासलं जातं ते.

आधी आज काय आहे ते पाहू. किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंतची मासेमारी राज्याच्या अखत्यारीत येते, त्यापुढची केंद्राच्या. आपल्या राज्यात महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, 1981 लागू आहे. 2021 साली त्यात मोठी दुरुस्ती झाली आणि दंडाच्या रकमा लाखांच्या घरात गेल्या. कोणत्या क्षेत्रात, कोणत्या काळात, कोणत्या जाळ्यानं आणि कोणती प्रजाती धरायची नाही हे आदेश काढून ठरवायचे अधिकार हा कायदा सरकारला देतो. 1 जून ते 31 जुलै ही पावसाळी बंदी तुम्हाला ठाऊकच आहे. 2023 मध्ये राज्यानं 54 प्रजातींची किमान मापं ठरवून दिली, त्याहून लहान मासळी धरू नये म्हणून.

दुसरा नियम निर्यातीचा. केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयानं 2003 साली शेवंडीची किमान वजनं ठरवली. आपल्याकडे सर्वांत जास्त सापडणारी चिखलाळ तळाची शेवंड, शास्त्रीय नाव पॅन्युलिरस पॉलिफॅगस, अख्खी पाठवायची तर 300 ग्रॅम. खडपात सापडणारी पॅन्युलिरस होमारस 200 ग्रॅम. मोठी रंगीत ऑर्नेटस 500 ग्रॅम. चपटी सँड लॉबस्टर 150 ग्रॅम. व्यापारी "वजन भरलं की झालं" म्हणतो ते या आकड्यांच्या जोरावर. तो खोटं बोलत नाही. त्याच्या हातात तराजू आहे आणि त्याच्यापुरता कायदा तराजूवर संपतो.

वजनाचा नियम वाईट नाही. पिल्लांची निर्यात रोखायला त्याचा उपयोग होतो. पण विणीच्या मादीच्या बाबतीत तो उलटा पडतो. लहान शेवंड सुटते आणि मोठी विकली जाते. मोठी मादी लहानीपेक्षा कितीतरी जास्त अंडी धरते. म्हणजे ज्या मादीवर पुढची पिढी सर्वांत जास्त अवलंबून आहे, तीच कायद्यानं सर्वांत निर्धोकपणे विकता येते. शिवाय गाबोळीचं वजनही तराजूवर मोजलं जातं.

तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाचं सरळ उत्तर असं. फक्त वजनावर विसंबू नका आणि गावातल्या ऐकीव दंडावरही नको. सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयात जा आणि तुमच्या क्षेत्राला आज लागू असलेल्या आदेशांची प्रत मागा. तुमच्या जाळ्यात येणाऱ्या प्रजातीचं नाव आणि माप त्यात शोधा. मालवणजवळ मासेमारी होत असेल तर आणखी एक गोष्ट. तिथलं 1987 सालचं सागरी अभयारण्य सुमारे 29 चौरस किलोमीटरचं आहे आणि त्याला वन्यजीव कायदा लागतो. तिथे प्रश्न अंड्यांचा उरत नाही, जागेचाच होतो. वेंगुर्ल्याला हे लागू नाही, पण होड्या कुठवर जातात ते तुमचे काकाच सांगू शकतील.

आता जो प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो. त्यासाठी एकदा ती शेवंड हातात धरून नीट बघा.

उलटी केलीत की नर-मादी लगेच कळतात. मादीच्या सर्वांत मागच्या पायाला टोकाशी बारीक चिमटा असतो, नराच्या त्या पायाला नसतो. समागम झालेल्या मादीच्या छातीवर, पायांच्या मधोमध, डांबर लागल्यासारखा काळपट कडक डाग दिसतो. ती नराची बीजाची पुडी. अंडी बाहेर यायला लागली की मादी मागच्या पायाच्या त्या चिमट्यानं डाग खरवडते, बीज मोकळं होतं आणि अंडी फळतात. मग ती शेपटीखालच्या मऊ पाकळ्यांच्या केसांना चिकटून राहतात. ताजी अंडी नारिंगी असतात. आत पिल्लाचे डोळे दिसायला लागले की रंग तपकिरी, काळपट होत जातो. आपल्या उबदार पाण्यात हे सगळं साधारण तीन-चार आठवड्यांत उरकतं. एका मादीची अंडी लाखांत मोजावी लागतात.

हे इतकं तपशिलात सांगतो आहे कारण कायद्याच्या दृष्टीनं शेवंड फार सोयीची आहे. सुरमई किंवा पापलेट वर आलं की बहुतेकदा मेलेलं असतं आणि गाबोळी पोटात असल्यामुळे कापल्याशिवाय कळत नाही. शेवंड जाळ्यातून जिवंत निघते आणि तिची अंडी उघड्यावर असतात. अंधाऱ्या पहाटे बॅटरीच्या उजेडातही ती दिसतात. ओळखता येते आणि सोडली तर जगते. या दोन गोष्टी एकत्र असलेले सागरी जीव फार थोडे आहेत. जिथे त्या आहेत तिथे कायदा करायला कारण शोधावं लागत नाही.

हा कायदा नसताना काय होतं ते मुंबईनं पाहिलं आहे. भाऊचा धक्का आणि ससून डॉक इथे 1980 च्या दशकात ट्रॉलरमधून चपटी सँड लॉबस्टर भरपूर उतरायची. निर्यातीला मागणी होती. अंड्यांच्या माद्याही सरसकट टोपल्यांत जायच्या. 1994 पर्यंत ही मासेमारी संपल्यात जमा झाली. शास्त्रज्ञांनी तिचं निदान केलं ते असं की मागे इतक्या कमी विणाऱ्या माद्या उरल्या की नवी पिढी येणंच थांबलं. त्या धक्क्यांवर काम केलेल्या जुन्या माणसांशी मी बोललो आहे. त्यातल्या एका तांडेलाचं (होडी चालवणाऱ्या प्रमुखाचं) म्हणणं माझ्या मनातून जात नाही: शेवंड कमी झाली तेव्हा आम्ही जास्त वेळ ट्रॉल ओढायला लागलो. उरलेल्या माद्याही तशाच गेल्या.

ट्रॉलच्या बाबतीत मी हात राखून बोलेन. ट्रॉलचं जाळं तासन् तास तळाशी ओढलं जातं आणि माल एकमेकांवर दाबला जातो. त्यातून निघालेली मादी सोडली तरी जगेलच असं मी सांगू शकत नाही. तिथे सोडण्याच्या नियमापेक्षा काळ आणि क्षेत्र बंद ठेवण्याचा नियम जास्त कामाचा. पण तुमच्या घरची जाळी तळाला लावून पहाटे उचलायची आहेत. तुमच्याकडे बहुतेक माद्या धडधाकट वर येतात. म्हणून सोडण्याचा नियम तुमच्यासारख्यांच्या बाबतीत खऱ्या अर्थानं चालू शकतो.

असा कायदा लिहायचा झाला तर एका शब्दावर मी अडून बसेन. गुन्हा "पकडणं" नको. जाळ्यात काय शिरेल ते तुमच्या वडिलांच्या हातात नाही. गुन्हा "जवळ ठेवणं, उतरवणं, विकणं आणि विकत घेणं" हा हवा. हा फरक वाचायला किरकोळ वाटतो, पण धक्क्यावर सगळं त्यानंच बदलतं. पकडण्याला गुन्हा ठरवलं तर तपासणीची होडी समोर आली की घाबरलेला माणूस मादी लपवतो किंवा तिची अंडी ओरबाडतो. ठेवण्याला गुन्हा ठरवलं तर ती पाण्यात सोडायला त्याला भीती वाटत नाही. आणि विकत घेणाऱ्यालाही तोच दंड लागला तर व्यापारीच "ही नको" म्हणायला लागतो. समुद्रात हजार होड्या असतात. शेवंडीचे मोठे खरेदीदार एका तालुक्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. अधिकारी हजार होड्यांवर जाऊ शकत नाही, पण त्या मोजक्या टाक्या नक्की बघू शकतो.

अंडी ओरबाडण्याचा विषय निघालाच आहे. जगात गाबोळीच्या शेवंडीवर बंदी आली, तिथे काही ठिकाणी ब्रश घेऊन अंडी घासून काढणारेही निघाले. अंड्यांविना मादी ही साधी मादी, विकायला मोकळी. नीट पाहिलं तर कळतं: पाकळ्यांचे केस तुटलेले असतात, अंड्यांचे चिकट देठ मध्येमध्ये राहिलेले असतात. पण घाईच्या वेळी हे कोण बघणार?

याला अमेरिकेतल्या मेन राज्यानं शोधलेला उपाय मला सर्वांत पटतो. तिथे अंड्यांच्या लॉबस्टरला 1872 पासून कायद्याचं संरक्षण आहे. 1917 च्या सुमारास राज्यानं व्यापाऱ्यांकडून अशा माद्या विकत घेऊन, शेपटीच्या पंख्याला भोक पाडून पाण्यात सोडायला सुरुवात केली. पुढे 1948 मध्ये भोकाच्या जागी इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच आली. आता कोळी स्वतःच अंड्यांची मादी दिसली की खाच पाडतो आणि सोडतो. खाच असलेली मादी नंतर कोणाच्याही जाळ्यात आली, तिच्यापाशी अंडी असोत वा नसोत, ती ठेवता येत नाही. एकदा खाच पाडलेली मादी खाच टिकेपर्यंत सुरक्षित, त्यामुळे पुढे तिची अंडी घासण्यात अर्थच उरत नाही. शिवाय मेनमध्ये कवचाचं किमान माप सव्वातीन इंच आहे, तसं कमाल मापही आहे, पाच इंच. म्हणजे खूप मोठी झालेली शेवंडही सोडायची. आपल्या वजनाच्या नियमात जी फट आहे ती नेमकी इथे बुजवली आहे. इंग्लंडनंही 1 ऑक्टोबर 2017 पासून अंड्यांची लॉबस्टर धरायला आणि उतरवायला देशभर मनाई केली.

पण मेनचं जसंच्या तसं आणून चालणार नाही. तिथली लॉबस्टर नांग्यांची, थंड पाण्यातली. एकदा धरलेली अंडी नऊ ते अकरा महिने वागवते. कात क्वचित टाकते, म्हणून खाच बराच काळ दिसते. आपली शेवंड वर्षात एकापेक्षा जास्त वेळा विणू शकते आणि कातही लवकर टाकते. मी खाच पाडलेल्या माद्या परत मिळाल्या तेव्हा काहींची खाच अर्धी भरून आली होती. याच कारणानं पावसाळी बंदीही एकटी पुरत नाही. मी ऑक्टोबरातही गाबोळीच्या माद्या पाहिल्या आहेत आणि जानेवारीतही.

आता "एकट्यानं सोडून काय उपयोग?" हा प्रश्न. इथे गोड बोलून तुमची फसवणूक करणार नाही. अंड्यातून निघालेलं पिल्लू पानासारखं चपटं, काचेसारखं पारदर्शक असतं. ते कित्येक महिने प्रवाहाबरोबर भर समुद्रात वाहतं. ते पुन्हा वेंगुर्ल्याच्या खडपात येईल, गोव्याच्या की आणखी कुठल्या, कोणी सांगू शकत नाही. तुम्ही सोडलेल्या मादीचं फळ तुमच्याच जाळ्यात पडेल असा हिशेब मांडू नका. म्हणूनच हे काम एका गावाच्या सदिच्छेवर सोडायला नको, त्याला राज्याचा आदेश हवा. मात्र ती मादी स्वतः वाहून जात नाही. ती आसपास राहते, वाढते आणि पुढच्या खेपेला जड होऊन मिळू शकते. हा फायदा छोटा असला तरी तुमचा आहे.

गावाच्या पातळीवर काय चुकतं तेही सांगतो, कारण ती चूक मी केली आहे. एका गावात सात होड्यांनी मिळून गाबोळीची शेवंड सोडायचं ठरवलं. मी स्वतः त्यांना खाच पाडायला शिकवलं. महिन्याभरानं शेजारच्या बंदरावर एका व्यापाऱ्याच्या टाकीत मला आमच्याच खाचेची मादी दिसली. शेपटीखाली तपकिरी अंडी लोंबत होती. तिला विकणाऱ्यानं काही चोरलं नव्हतं, त्याला खाचेचा अर्थच ठाऊक नव्हता. मी कोळ्यांशी बोललो होतो, खरेदीदाराशी नाही, शेजारच्या गावाशीही नाही. सातही होड्यांतली माणसं माझ्यावर चिडली आणि त्यांचं बरोबर होतं. त्यांनी सोडलेली कमाई दुसऱ्याच्या खिशात गेली होती. पुढच्या हंगामात मी आधी व्यापाऱ्यांकडे बसलो. त्यांना पटलेली गोष्ट अगदी साधी निघाली: टाकीत ठेवलेल्या मादीची अंडी गळतात, पाणी नासतं आणि शेजारची शेवंडही मरते. दोघांनी गाबोळीचा माल घ्यायचा बंद केला. तिसऱ्यानं नाही केला. तिसऱ्यासाठीच कायदा लागतो.

कवचाच्या सगळ्या जिवांना मात्र हा नियम लावता येत नाही. तुमच्या आई-काकू खाडीत तिसऱ्या काढत असतील तर त्यांना "विणीची मादी सोडा" सांगून काही होणार नाही, कारण तिसरीची वीण बाहेरून दिसत नाही. तिथे काळ बंद ठेवावा लागतो आणि बारीक माल गळून जाईल असं जाळं वापरावं लागतं. केरळात कोल्लमजवळच्या अष्टमुडी तलावात हेच केलं. 1990 च्या दशकात तिथल्या तिसऱ्यांचं उत्पादन घसरल्यावर वीण सांभाळण्यासाठी डिसेंबर ते फेब्रुवारी बंदी आली आणि जाळ्याच्या आसाचं, म्हणजे छिद्रांचं, माप ठरलं. त्या मासेमारीला 2014 मध्ये मरीन स्ट्युअर्डशिप कौन्सिल या टिकाऊ मासेमारी पारखणाऱ्या संस्थेचं प्रमाणपत्र मिळालं, देशातलं पहिलं. कायदा तिथे टिकला तो काढणाऱ्या लोकांनी स्वतः राखण केली म्हणून.

तर आता तुम्ही काय करायचं? सर्वांत आधी मच्छीमार सहकारी संस्थेत विषय मांडा आणि लेखी ठराव करून घ्या. गाबोळीची आणि खाचेची शेवंड संस्थेचा कोणी सभासद विकणार नाही आणि संस्था घेणार नाही, एवढी दोन वाक्यं पुरेत. शेजारच्या दोन गावांच्या संस्थांना आणि तुमच्याकडून माल उचलणाऱ्या व्यापाऱ्याला त्याच बैठकीला बोलवा, नंतर नको. ठरावाची प्रत सहायक आयुक्तांना द्या आणि सोबत अर्ज करा की 1981 च्या कायद्याखाली गाबोळीची शेवंड उतरवायला व खरेदी करायला बंदी करणारा आदेश काढावा. एका माणसाचा अर्ज फाइलमध्ये राहतो. चार संस्थांचे ठराव आले की त्यांना उत्तर द्यावं लागतं. सोडलेल्या प्रत्येक मादीची तारीख, जागा आणि अंड्यांचा रंग वहीत लिहा. तुमच्या पट्ट्यात वीण कोणत्या महिन्यांत जास्त आहे हे दोन हंगामांत त्या वहीतून निघेल. बंदीचा काळ ठरवताना तुमच्या शब्दाला वजन येईल ते या वहीमुळेच.

वडील-काकांना सोडण्याची रीत मात्र आजच सांगा, कारण चुकीच्या पद्धतीनं सोडलेली मादी धरल्यातच जमा. मिशीला धरून ओढायचं नाही, मिशी तुटते. पाठीच्या कवचाला दोन्ही बाजूंनी धरायचं आणि जाळ्याचा धागा कापावा लागला तर कापायचा. हातात घेतली की ती शेपटी जोरात आपटते आणि अंडी गळतात, म्हणून दुसरा तळवा शेपटीखाली अलगद धरायचा. लगेच सोडता येत नसेल तर समुद्राच्या पाण्यानं भिजवलेल्या गोणपाटाखाली, उन्हाआड ठेवायची. गोड्या पाण्याचा थेंब नको. खाच पाडायची ती लहान धारदार कात्रीनं. शेपटी तुमच्याकडे आणि पाठ वर असताना शेपटीच्या पंख्यातल्या मधल्या पाकळीच्या लगत उजवीकडे जी पाकळी असते तिच्या कडेला, नखाएवढी, केसांपर्यंत न नेता. मग जिथून उचलली त्याच खडपावर, फेकून न देता, पाण्यात हात बुडवून सोडायची. सुटली की शेपटी मारत ती मागच्या मागे खाली जाते. तशी गेली तर ती धडधाकट आहे असं समजा आणि वहीत तसं लिहा.